धातुशोधक यंत्र : ते काय सांगते आणि काय सांगत नाही

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद हे निर्मनुष्य झालेले गाव आहे. १९७४ साली तेथे झाडाची मुळे खणून काढत असताना एका स्थानिक आदिवासी शेतकऱ्याच्या हाती धातूच्या चार भरीव मूर्ती लागल्या. बैलजोडी जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या चार मूर्ती होत. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरले आणि एकट्या रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आहे. भारतीय धातुकलेच्या इतिहासात या ठेव्याला मानाचे स्थान मिळाले. तो सापडला मात्र निव्वळ योगायोगाने, कुदळीच्या टोकाला.

जमिनीत दडलेली धातूची वस्तू खणण्यापूर्वीच ओळखता येईल काय, हा प्रश्न अशा वेळी साहजिकच मनात येतो. धातुशोधक यंत्र हे या प्रश्नाचे उत्तर आहे. देवस्थानाच्या प्रवेशद्वारापासून गुरांच्या दवाखान्यापर्यंत आज हे यंत्र आढळते. त्याचा आवाज ऐकला म्हणजे सर्व काही समजले, असा समज मात्र पुष्कळांचा असतो आणि तो धोक्याचा आहे. हे यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

मूळ तत्त्व

तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत् प्रवाह सोडला की त्याच्या सभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली तर त्या वस्तूच्या अंगात लहान लहान वर्तुळाकार प्रवाह उत्पन्न होतात. पाण्यातील भोवऱ्याप्रमाणे ते फिरतात, म्हणून त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. या प्रवाहांचे स्वतःचे असे चुंबकीय क्षेत्र असते आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करते. हा क्षीण विरोध टिपणे एवढेच धातुशोधक यंत्राचे काम होय. यंत्राला धातू ‘दिसत’ नाही. आपण दिलेल्या हाकेला धातूने दिलेला प्रतिसाद तेवढा ते ऐकते.

शाळेत हे तत्त्व सहज दाखविता येते. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची सुमारे एक मीटर लांबीची नळी उभी धरून तिच्यात लहान पण जोरदार चुंबक सोडावा. एरवी अर्ध्या सेकंदाच्या आत खाली पोहोचणारा चुंबक या नळीतून संथपणे, काही सेकंद घेत उतरतो. तांबे वा ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, तरीही नळी चुंबकाला अडविते. हा विरोध भोवरा प्रवाहांचा असतो. त्याच आकाराच्या प्लॅस्टिकच्या नळीतून तोच चुंबक झटकन खाली पडतो. दोन्ही प्रयोग एकापाठोपाठ एक केल्यास विद्यार्थ्यांना निराळे स्पष्टीकरण फारसे द्यावे लागत नाही.

या तत्त्वाचा एक प्रसिद्ध प्रयोग १८८१ साली झाला. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरात अडकलेली बंदुकीची गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असे उपकरण तयार केले. गोळी सापडली नाही. बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांमुळे उपकरणाच्या आवाजात घोटाळा झाला आणि डॉक्टरांनी शरीराची चुकीची बाजू तपासावयास लावली, ही त्या अपयशाची कारणे सांगितली जातात. यंत्र नादुरुस्त नव्हते, परंतु परिसरातील दुसऱ्या धातूचा आणि माणसांनी आधीच करून घेतलेल्या समजुतीचा अडथळा झाला. आजही या यंत्राचे बहुतेक घोटाळे या दोनच कारणांनी होतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैन्याधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सैनिकाला हातात धरून चालता येईल असे सुरुंगशोधक तयार केले. १९४२ साली अल अलामेनच्या लढाईत सुरुंग पेरलेल्या वाळवंटातून वाट काढण्यासाठी ते वापरले गेले.

यंत्रांचे तीन मुख्य प्रकार

पहिला प्रकार विस्पंद पद्धतीचा. यात दोन आंदोलक असतात. समजा, एकाची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांची संख्या, १,००,००० आहे आणि दुसऱ्याची १,००,५००. या दोहोंच्या मिश्रणातून फरकाइतका, म्हणजे ५०० आवर्तनांचा स्वर कानी पडतो. शोधाचे वेटोळे यांपैकी एका आंदोलकाला जोडलेले असते. धातू जवळ आला की त्याची कंप्रता किंचित सरकते आणि स्वर चढतो किंवा उतरतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळत आल्या असता ऐकू येणारी लहर याच जातीची होय. हे यंत्र स्वस्त व साधे असते. शाळेतील विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थीही ते तयार करू शकतात. परंतु त्याची पोच कमी आणि धातू ओळखण्याची शक्ती जेमतेम असते.

दुसरा प्रकार प्रवर्तन-तोल पद्धतीचा. यात दोन वेटोळी असतात. एक क्षेत्र निर्माण करते व दुसरे ऐकते. दोन्हींची मांडणी अशी केलेली असते की धातू नसताना ऐकणाऱ्या वेटोळ्यात जवळजवळ काहीच संदेश उमटत नाही. तराजूची दोन्ही पारडी समतोल असावीत तशी ही अवस्था असते. धातू आला की तोल बिघडतो आणि संदेश उमटतो. अशी यंत्रे सामान्यतः सेकंदाला ३,००० ते ३०,००० आवर्तनांच्या पट्ट्यात चालतात. धातूंमध्ये भेद करण्याची सर्वाधिक क्षमता याच प्रकारात आहे.

तिसरा प्रकार स्पंद पद्धतीचा. यात एकच वेटोळे क्षणभर जोरदार प्रवाहाचा स्पंद सोडते आणि प्रवाह एकदम तोडून ऐकू लागते. दर सेकंदाला असे शेकडो स्पंद सोडले जातात. देवळातील घंटेवर टोल दिला तर नाद रेंगाळतो आणि खापरावर टिचकी मारली तर तो तत्काळ विरतो. त्याचप्रमाणे उत्तम वाहक असलेल्या जाड वस्तूतील भोवरा प्रवाह सावकाश विरतात आणि पातळ वा मंद वाहक वस्तूतील चटकन नाहीसे होतात. हा काळ सेकंदाच्या लक्षांश भागांत मोजावा लागतो. जमिनीतील खनिजांचा या यंत्राला कमी त्रास होतो, परंतु लोखंड आणि इतर धातू यांतील भेद ते तितक्या स्पष्टपणे करू शकत नाही.

एक धातू दुसऱ्यापासून कसा ओळखला जातो

वस्तूचा प्रतिसाद मूळ क्षेत्राच्या मागे किती रेंगाळतो, यावरून प्रवर्तन-तोल यंत्र धातूंमध्ये भेद करते. या रेंगाळण्याला कलांतर म्हणतात. ते प्रामुख्याने वस्तूची विद्युत् संवाहकता, तिचा आकार व जाडी आणि तिची चुंबकीयता या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

शुद्ध तांब्याची संवाहकता १०० मानली तर चांदीची सुमारे १०६, सोन्याची ७० ते ७५, ॲल्युमिनियमची ६० च्या आसपास, नेहमीच्या पितळेची २८, लोखंडाची १७ आणि शिशाची ८ भरते. लोखंडाचे वैशिष्ट्य निराळे आहे. ते भोवरा प्रवाहांखेरीज चुंबकीय क्षेत्राला स्वतःकडे ओढूनही घेते आणि त्यामुळे त्याच्या प्रतिसादाचे कलांतर वेगळ्या बाजूला पडते. खिळा आणि तांब्याची अंगठी यांतील भेद यंत्राला करता येतो, तो यामुळेच.

ही ओळख मात्र वस्तूची असते, पदार्थाची नव्हे. सोन्याची नाजूक अंगठी आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा यांचे आकार व जाडी अशी जुळू शकतात की दोहोंचे संदेश एकसारखे यावेत. उलट, लोखंडाची मोठी सपाट चकती कित्येकदा तांब्यासारखा संदेश देते. यंत्राच्या पडद्यावर उमटणारा आकडा हा धातूचा पत्ता नसून एक अंदाज असतो.

नाण्यांच्या साहाय्याने हे चांगले समजते. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी होती. १९४७ चा रुपया निकेलचा होता आणि निकेल चुंबकाला चिकटते. १९७५ पासूनचा रुपया तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचा होता. तो चुंबकाला चिकटत नाही आणि त्याची संवाहकताही अल्प असते. १९९२ पासून चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादी मिश्रधातूचा रुपया आला. म्हणजे ‘रुपया’ हे नाव एकच असले तरी यंत्राच्या दृष्टीने त्या चार निरनिराळ्या वस्तू होत. चुंबक आणि घरातील जुनी नाणी एवढ्या साहित्यावर हा पाठ वर्गात घेता येईल.

काळी जमीन आणि खोलीची मर्यादा

जिल्ह्याची बहुतेक भूमी दख्खनच्या बेसाल्ट खडकाची आणि त्यापासून बनलेल्या काळ्या मातीची आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहयुक्त चुंबकीय खनिज असते. त्यामुळे जमीन स्वतःच यंत्राला प्रतिसाद देते आणि लहान वस्तूचा क्षीण संदेश त्या गलबल्यात बुडून जातो. चांगल्या यंत्रात यासाठी जमिनीचा तोल साधण्याची सोय असते. शोध सुरू करण्यापूर्वी धातू नसलेल्या जागी वेटोळे खालीवर करून जमिनीचा प्रतिसाद वजा करावा लागतो. एका शेतात साधलेला तोल शेजारच्या मुरमाड माळावर उपयोगी पडेलच असे नाही. पावसाने भिजलेली माती आणि कोरडी माती यांतही फरक पडतो.

दुसरी मर्यादा खोलीची. लहान वस्तू वेटोळ्यापासून दूर गेली की अंतर दुप्पट होताच तिचा संदेश सुमारे चौसष्टांश उरतो. हातात धरावयाच्या साध्या यंत्राने नाणे वीतभर खोलीपर्यंतच सापडते, ते याच कारणाने. मोठी वस्तू आणि मोठे वेटोळे असल्यास पोच वाढते, परंतु मोठ्या वेटोळ्याला लहान वस्तू नीट जाणवत नाही. वीस-वीस फूट खोलीवरील सोने दाखविणारे यंत्र म्हणून ज्या वस्तू भोळ्या माणसांच्या गळ्यात मारल्या जातात, त्यांच्याविषयी ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी गावकऱ्यांना वेळीच सावध करणे इष्ट होय. वर सांगितलेले तत्त्व अशा दाव्यांना आधार देत नाही.

दैनंदिन उपयोग

शिर्डीसारख्या गर्दीच्या ठिकाणी प्रवेशद्वाराशी उभी केलेली चौकट हे याच यंत्राचे मोठे रूप आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंत वेटोळी बसविलेली असतात. आधुनिक चौकटीत ती वेगवेगळ्या उंचीवर असल्याने धातू खिशाजवळ आहे की पायाजवळ, हेही समजते. कंबरपट्ट्याचे बक्कल आणि शस्त्र यांतील अंतिम निर्णय मात्र तपासणी करणाऱ्या शिपायालाच घ्यावा लागतो. हृदयाची गती राखणारे उपकरण ज्यांच्या शरीरात बसविलेले आहे, त्यांनी ते तपासणीपूर्वी सांगावे.

साखर कारखानदारी हे या जिल्ह्याचे भूषण. उसाबरोबर चुकून आलेला कोयता किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रसामग्रीत गेला तर मोठे नुकसान होते. ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर त्यासाठी प्रबळ विद्युत् चुंबक लावलेले असतात. चुंबक लोखंड उचलतो, परंतु पितळ वा ॲल्युमिनियम उचलत नाही. जेथे अशा धातूंचाही संभव असतो, तेथे धातुशोधक यंत्राची जोड द्यावी लागते.

दुधाच्या धंद्यातही या यंत्राला स्थान आहे. वैरणीबरोबर गाईच्या पोटात तार किंवा खिळा गेल्यास तो जाळीदार पोटात अडकतो. तेथून तो पुढे सरकून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो आणि जनावर दगावते. अशा वेळी पशुवैद्य धातुशोधकाने तपासणी करतात. परंतु निरोगी दिसणाऱ्या कित्येक गाईंच्या पोटातही धातूचे तुकडे असतात. यंत्र वाजले म्हणजे आजाराचे कारण सापडले असे नव्हे. धातूने पोटाला इजा केली आहे की नाही, हे ताप, दुधातील घट आणि जनावराची उभे राहण्याची ढब पाहून पशुवैद्यच ठरवितात. कडबाकुट्टी यंत्राजवळ तारा व खिळे पडू न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

दायमाबादचा धडा

आता पुन्हा दायमाबादकडे वळू. या स्थळाचा शोध १९५८ साली लागला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे अनेक वेळा उत्खनन केले. डॉ. एस. ए. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात झालेल्या उत्खननाने तेथील वसाहतींचा क्रम उजेडात आणला. मूर्तींच्या काळाविषयी मात्र विद्वानांत मतभेद राहिले. काहींनी त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील मानल्या. मूर्तींच्या तांब्यात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळल्याने इतरांनी शंका उपस्थित केली. मूर्ती शास्त्रीय उत्खननात, आपल्या थरात सापडल्या असत्या, तर शेजारची खापरे, राख आणि मातीचा थर यांनी या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकला असता.

येथे धातुशोधकाची तिसरी मर्यादा दिसते. तांब्यात एक टक्का आर्सेनिक मिसळले तरी त्याची संवाहकता निम्म्याहून खाली येते. आजच्या नाण्यांवरून आकडे ठरविलेले यंत्र अशा प्राचीन धातूला भलतेच नाव देईल. आणि त्याने अचूक नाव दिले तरी वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी आणि कोणत्या काळी पडली, हे ते कधीच सांगणार नाही. ती माहिती मातीत असते. हौसेने मारलेल्या एका कुदळीने ती कायमची नष्ट होते. नेवासे, जोर्वे आणि दायमाबाद यांसारखी प्राचीन स्थळे ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे ही जबाबदारी अधिक मोठी आहे.

कायद्याची भूमिकाही याच दिशेची आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने तिचे स्वरूप, अंदाजी किंमत, जागा व तारीख यांची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. माहिती दडविल्यास शिक्षेची तरतूद आहे. उलट, नियमाने वागणाऱ्याचा हक्कही या अधिनियमात मान्य केलेला आहे. संरक्षित स्थळी परवानगीवाचून उत्खनन करणे १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमाखाली गुन्हा आहे. शेत नांगरताना किंवा विहीर खणताना काही आढळल्यास काम थांबवावे, वस्तू हलवू नये, जागेवर खूण करून तलाठी, तहसीलदार किंवा पोलीस ठाण्यास कळवावे. सरपंचांनी ग्रामसभेत हे एकदा स्पष्ट सांगितले तरी पुष्कळ कार्य होईल.

मृत्यूशी गाठ

याहून गंभीर बाब शेवटी सांगणे आवश्यक आहे. नगर शहर हे भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि नगर, पारनेर व राहुरी तालुक्यांच्या हद्दीतील खारे-कर्जुने परिसरात ‘के. के. रेंज’ हे लष्कराच्या गोळाबारीच्या सरावाचे क्षेत्र आहे. तोफगोळ्याचे शरीर पोलादाचे, त्याच्याभोवतीचे कडे तांब्याचे आणि टोकाचा भाग कित्येकदा ॲल्युमिनियमचा असतो. भंगाराला मिळणाऱ्या चार पैशांच्या आशेने असे तुकडे वेचण्याचा मोह गरीब कुटुंबांना होतो.

धातुशोधक यंत्र येथे पोलाद आहे हे सांगेल, तांबे आहे हेही कदाचित सांगेल. गोळा फुटलेला आहे की पोटात दारू घेऊन पडलेला आहे, हे ते सांगू शकत नाही. कारण स्फोटक द्रव्य धातू नसते आणि यंत्राच्या हाकेला ते उत्तर देत नाही. लष्करी व पोलीस पथकेसुद्धा धातुशोधकाने केवळ जागा निश्चित करतात. पुढील काम प्रशिक्षित हातांनी, दूर अंतर राखून आणि ठरलेल्या पद्धतीने होते. गंजलेला, वर्षानुवर्षे मातीत पडलेला गोळा निरुपद्रवी झाला असे मानणे ही जीवघेणी चूक ठरते. अशी वस्तू दिसल्यास तिला हात लावू नये, काठीने ढोसू नये, मुलांना दूर करावे आणि तत्काळ पोलिसांना कळवावे. त्यांच्यामार्फत बॉम्बशोधक व नाशक पथक किंवा लष्कर पुढील व्यवस्था करते. सराव क्षेत्रालगतच्या शाळांत वर्षातून एकदा तरी हा विषय मुलांना समजावून द्यावयास हवा.

गारफील्डच्या बिछान्यापाशी, गाईच्या गोठ्यात, दायमाबादच्या टेकाडावर आणि खारे-कर्जुनेच्या माळावर धातुशोधक यंत्र एकच वाक्य बोलते : ‘येथे धातू आहे.’ ती वस्तू काय आहे, कोणाची आहे आणि तिला हात लावावा की लावू नये, याचा निर्णय माणसाने ज्ञानाने व कायद्याने करावयाचा असतो. यंत्र वाजल्यावर कुदळ उचलण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय गावोगावी रुजली, तर एखाद्या प्राचीन ठेव्याचा इतिहास वाचेल आणि एखाद्या घरचे लेकरूही.